धक्क्यावर बाईचं पाऊल

प्रिय धाकट्या,

तुझी कादंबरी वाचली. दोनदा वाचली, कारण पहिल्या खेपेला मध्येमध्ये पुस्तक आपटून स्वयंपाकघरात जावं लागत होतं. शेजारच्या मास्तरीणबाई म्हणतात, हल्ली असल्या कादंबऱ्यांचं पेवच फुटलंय. गोरे आलेच नसते तर काय, आले असते पण हरले असते तर काय. लिहा बापडे. लहानपणी मलाही वाटायचंच की त्यांची जहाजं खाडीच्या तोंडाशीच बुडायला हवी होती. तू ती पहिल्याच प्रकरणात बुडवलीस, वादळबिदळ आणून. तिथवर मी खूश होते.

पण पुढे काय दिवे लावलेस रे? गोऱ्यांना घालवलंस आणि त्यांचं सिंहासन, त्यांच्या तोफा, त्यांची पदकं तेवढी ठेवून घेतलीस. आपल्या माणसांना मखमल चढवून दरबारात उभं केलंस आणि म्हणे हा आपला सुवर्णकाळ! तुझी ती राणी तीनशे पानांत एकदाही कशाला हात लावत नाही. गच्चीत उभी राहते, समुद्राकडे बघते, उसासे टाकते. आपल्याकडच्या बाईला उसासे टाकायला सवड कधी होती? आणि तो दाढीवाला थोर कारागीर, सहा महिन्यांत तीनशे जहाजं बांधणारा! अरे शहाण्या, सहा महिन्यांत लाकूडसुद्धा धड वाळत नाही. धक्क्यावर कुणालाही विचारलं असतंस तर सांगितलं असतं. पण तू कशाला विचारशील, तुला सगळं आधीच माहीत.

आईची नजर आता गेल्यातच जमा आहे, म्हणून मी तिला निवडक तेवढं वाचून दाखवलं. वादळ तिला फार आवडलं. मग तिनं विचारलं, यात फटी कोण बुजवतं? मला खोकल्याची उबळ आल्यासारखं करावं लागलं.

तुला आठवण करून द्यावी लागते हीच लाज आहे, पण देते. होडी सुतार जोडत. फळ्यांमधल्या फटींत काथ्या ठोकून वर डांबर भरायचं काम मात्र फक्त बायकांचं. ते झाल्याशिवाय होडी पाण्यात जात नसे, आणि जिनं फटी बुजवल्या तिच्या पंज्याचा काळा ठसा होडीत आतल्या बाजूला असे. म्हणून तर धक्क्यावरची जागा आईकडून मुलीकडे येत गेली. आजीची आईकडे आली, आईची माझ्याकडे यायची आहे. आईची नखं जन्मभर काळी. तुझ्या शाळेच्या समारंभाला ती आली, तेव्हा ही आमच्याकडे कामाला असते, असं तू मित्रांना सांगितलंस. मी ऐकलं होतं. तिनंही ऐकलं होतं. घरी येऊन तिनं तुला गरमगरम वाढलं, बस्स.

आता पान दोनशे बारा. धक्क्यावर बाईचं पाऊल पडलं तर होडी बुडते असं आमचे पूर्वज मानत, म्हणे. कोणते रे पूर्वज? वाचकांना काहीतरी प्राचीन नि गूढ लागतं, म्हणून दिलंस ठोकून. तेही चाललं असतं, कादंबरीच ती. पण प्रस्तावनेत तू छातीठोकपणे लिहितोस की इतिहास कल्पनेतला असला तरी रीतिरिवाज सगळे खरे आहेत, माझ्या आईनं सांगितलेले. आईनं! जिभेला काही हाड?

गेल्या सोमवारी कोर्टात बंदर कंपनीच्या वकिलानं ते पान मोठ्यानं वाचलं. कंपनीला धक्का हवाय, आणि आई धरून आम्ही बारा जणींनी दावा लावलाय की ती जागा आमची आहे. आमच्याकडे कागद नाही, कारण गोऱ्यांनी बायकांची नावं कधी लिहूनच घेतली नाहीत. वकील म्हणाला, यांच्याच समाजातला एवढा मोठा लेखक, यांचाच मुलगा, उलट सांगतोय. न्यायाधीशांनी पुस्तक ठेवून घेतलं. गोऱ्यांनी आम्हाला वगळलं होतं. तू त्यांना बुडवूनही तेच केलंस. आईला वाटलं वकील चुकीचं वाचतोय. आपल्या पोरानं असं लिहिलंय का, म्हणून तिनं मला विचारलं. मी हो म्हटलं.

पुढची तारीख अठरा. आमच्या वकीलबाई म्हणतात, लेखकानं स्वतः येऊन शपथेवर सांगितलं तरच त्या पानाचं वजन जाईल. तेव्हा तू यायचंस, उभं राहायचंस आणि सांगायचंस की ते मी मनानं रचलं, माझी आई याच धक्क्यावर फटी बुजवायची. वर्तमानपत्रवाले असतील. तुझी बरीच शोभा होईल, या कादंबरीला मिळू घातलेलं बक्षीसही कदाचित हुकेल. आई म्हणते, नको बोलावूस त्याला, चारचौघांत खोटा ठरेल बिचारा. तिला न सांगता हे पत्र टाकतेय. धाकट्या, मला तू खोटाच ठरायला हवा आहेस. ये.

तुझीच, निदान अठरा तारखेपर्यंत,
ताई