सात-छत्तीस

अण्णा, मी आता तुमच्यापेक्षा वयानं मोठी झाले आहे, आणि घाटातल्या त्या दिवसाबद्दल तुमच्याशी एकदाही बोलले नाही.

चिंचवडच्या आपल्या गॅरेजात ती टोचनची गाडी उभी होती. लष्कराच्या भंगारातला ट्रक, त्यात तुम्ही डिझेल इंजिन बसवलेलं, घाटात बंद पडलेले ट्रक ओढून आणायला. मागच्या एक्सलसाठी क्राउन-पिनियनच्या, म्हणजे दातेरी चाकांच्या, दोन जोड्या फडक्यावर मांडलेल्या. सहा-एक्केचाळीस दातांची जोडी घातली तर ओढ दांडगी, पण गाडी सपाटीलाही रडतखडत चालणार. सात-छत्तीस घातली तर पळणार, पण ओढ कमी. गाडी बनवून घेणाऱ्या ठेकेदाराला पळणारी हवी होती, कारण लोणावळ्याचे गॅरेजवाले त्याच्या आधी घाटात पोचत. तुमचा जीव मात्र सहा-एक्केचाळीसवर.

"तू आकडे मांडून बघ," तुम्ही मला म्हणालात. मी मॅट्रिक झालेली, शाळेत गणित शिकवणारी. चढ, वजन, इंजिनाची ताकद, सगळं मांडून मी सांगितलं, सात-छत्तीस चालेल. तुम्ही बराच वेळ पिनियनवरून अंगठा फिरवत राहिलात. मग म्हणालात, "तू म्हणतीस तर चालंल. माझा न्हाई विश्वास बसत, पर तू शिकलीयास." त्या वाक्यानं मी दोन दिवस हवेत होते.

चाचणीच्या आदल्या संध्याकाळी मी तो कागद सहज पुन्हा पाहिला. ओढायच्या ट्रकचं वजन मी रिकाम्याचं धरलं होतं. तुम्ही स्पष्ट सांगितलं होतं, भरलेला. अंगणात तुम्ही दादाला सांगत होतात, "पोरीनं हिशोब केलाय, बिनघोर ऱ्हा." मी उंबऱ्यापर्यंत आले आणि परत आत गेले.

सकाळी तुम्ही मलाही सोबत घेतलंत. खंडाळ्याच्या खाली साखरेच्या पोत्यांनी भरलेला ट्रक बंद पडलेला आहे, तुम्ही त्याला साखळी लावताय, दादा आपल्या गाडीच्या स्टीअरिंगवर बसलाय. अजूनही सांगता आलं असतं. मी पदर तोंडाशी धरून उभी आहे. पहिल्या गिअरमध्ये गाडी हलते, पन्नास-साठ पावलं चढते, वळणावर इंजिन धापा टाकतं आणि बंद पडतं. ब्रेक धरत नाहीत. दोन्ही गाड्या मागे सरकायला लागतात, दरीच्या बाजूला.

"दादा, उडी टाक!" मी ओरडले. तो उतरला नाही. तुम्ही हातातला लाकडी ठोकळा घेऊन चाकाशी वाकलात आणि तो आत सारलात. गाडी थांबली. तुमचा डावा हात मात्र बाहेर यायला वेळ लागला.

दोन बोटं गेली. हाताला फडकं गुंडाळून तुम्ही ठेकेदाराला म्हणालात, "माझा अंदाज चुकला, शेठ. वजन मीच कमी सांगितलं पोरीला." मी शेजारीच उभी होते. पंधरा दिवसांनी तुम्ही मागचा एक्सल पुन्हा उघडलात, सहा-एक्केचाळीस बसवलीत. नट तुमच्या डाव्या हातात ठरत नव्हते, ते मी धरत होते. ती गाडी मग कितीतरी वर्षं चालली, हळू, पण घाटात कधी थांबली नाही.

त्यानंतरही प्रत्येक हिशोब तुम्ही माझ्याकडूनच करून घेतलात. वजन कुणी चुकवलं ते तुम्हाला तर ठाऊकच होतं. मला आदल्या दिवशीच कळलं होतं, हेही तुम्ही ओळखलं होतं का? तुमच्या शेवटच्या आजारपणात मी रोज उशाशी बसत होते, तेव्हाही विचारलं नाही.

हे पत्र मी दादालाही दाखवणार नाही. तो अजून आल्यागेल्याला सांगतो, अण्णांचा अंदाज जन्मात एकदाच चुकला. मी तिथंच बसलेली असते, आणि मान डोलावते.