लांबोडीचा डावा पाय

३ नोव्हेंबर

पुन्हा तेच! पुन्हा नाक उजवीकडे! तासभर घसा फोडून ओरडले, "डावा पाय, डावा पाय!" आणि लांबोडीची गोळी आपली डावीकडे जाऊन बसलेली.

किती साधं आहे. समोरच्या फळीवर काचेची वाकडी नळी, तिच्यात एक काळी गोळी. विमान सरळ अंगाने चाललं असेल तर गोळी मधोमध. तिरकं घसटत चाललं की गोळी बाजूला सरकते. ज्या बाजूला सरकली त्या बाजूचं पेडल दाबायचं, शेपटीचा रडर वळतो, नाक सरळ होतं. संपलं! बाकीची मुलं आठवडाभरात शिकतात. ही शाळेत खेळ शिकवायची, व्हॉलीबॉल. चांगली नोकरी सोडून आली. उंची एवढी की गुडघे फळीला टेकतात. माझा पक्का संशय त्या गुडघ्यांवर आहे.

उतरल्यावर आमच्या फ्लाइंग क्लबच्या प्रमुखाने, कॅप्टनने, हँगरच्या दाराशी गाठलंच. "बाई, तुमच्या त्या उंच मुलीचं काय? महिनाअखेरपर्यंत एकटी उडाली नाही तर जागा दुसऱ्याला द्यावी लागेल. रांग आहे बाहेर."

"उडेल," म्हटलं. कशाच्या जोरावर म्हटलं कोण जाणे.

५ नोव्हेंबर

आज वर्ग. वाटी आणि गोटी घेऊन गेले. सुलट वाटीत गोटीला टिचकी मारली की ती हलते, डुलते, पुन्हा तळाशी येते. वाटी पालथी घालून वर गोटी ठेवली तर गेलीच टेबलाखाली. आपलं विमान सुलट वाटीसारखं बांधलेलं असतं, असं सांगितलं. नाक भरकटलं तर शेपटीचा उभा पंख त्याला वाऱ्याकडे परत आणतो. नाक वर-खाली झालं तर आडवा पंख सावरतो. मोठे पंख टोकाकडे जरा उचललेले असतात, म्हणून एक पडला तरी हळूहळू वर येतो.

बँकवाले (शनिवार-रविवारी हौसेने उडतात, हात चांगला आहे) म्हणाले, "मग मॅडम, वैमानिक कशाला हवा?"

"वळायला!" म्हटलं. "जेवढं स्थिर तेवढं हट्टी. मनाने सरळ जाणारं विमान वळायलाही तयार नसतं. फार स्थिर केलं तर ताबा जड होतो, फार हलकं केलं तर क्षणभर नजर काढता येत नाही. बांधणाऱ्याने मधला मार्ग काढलेला असतो, तो आपण बिघडवायचा नाही."

सगळे लिहून घेत होते. लांबोडीने हात वर केला. "मॅडम, म्हणजे सोडून दिलं की ते आपोआप सरळ जायला हवं ना? मग माझं का जात नाही?"

"कारण तू सोडत नाहीस!"

सगळे हसले. तीही हसली, पण कान लाल झाले होते.

८ नोव्हेंबर

मिस्त्रींना विमान तपासायला लावलं. रडरच्या तारा, कप्प्या, पेडल, सगळं. पूर्ण सकाळ खाली वाकून होते. "ताई, तारेत काही नाही. दोन्ही बाजूंना सारखा ताण आहे. पेडल लोण्यासारखं चालतंय."

म्हणजे विमान निर्दोष. म्हणजे लांबोडीच. मिस्त्रींनी मागच्या वेळीही हेच सांगितलं होतं, मीच उगाच त्यांना कामाला लावलं.

९ नोव्हेंबर

नवरोबा दारातच म्हणाला, "एक चप्पल कुठंय?" पाहिलं तर एकच पायात! दुसरी जिन्यात सापडली. पोट धरून हसला. मला अजिबात हसू आलं नाही. डोक्यात लांबोडी असल्यावर दुसरं काय होणार.

१२ नोव्हेंबर

आज उंच नेलं. म्हटलं, जमिनीपासून लांब गेलं की माणूस मोकळं होतं. आधी हातातला दांडा थोडा पुढे ढकलून सोडायला लावला. नाक खाली गेलं, वेग वाढला, नाक आपलं आपण वर आलं, जास्तच वर गेलं, परत खाली, आणि असं झुलत झुलत जागेवर. लांबोडी लहान मुलीसारखी खूश! "मॅडम, खरंच येतं की परत!"

मग म्हटलं, आता पाय. आणि सगळं मुसळ केरात. गोळी डावीकडे, नाक उजवीकडे, उजवा पंख खाली. तो उचलायला तिने दांडा डावीकडे दाबून धरलेला. हात एक सांगतोय, पाय दुसरं. मी ओरडले. तिने डावा पाय अजून दाबला. तिची पोटरी थरथरताना मला दिसत होती.

मग म्हणते, "मॅडम, पेडलमध्ये काहीतरी अडतंय. मी दाबलं की ते परत ढकलतं."

तळपायाची आग मस्तकात गेली! मिस्त्रींनी दोनदा तपासलेलं विमान, आणि ही खापर त्याच्या माथी फोडतेय! "विमान नाही ढकलत, तुझा पाय कमी पडतोय. खेळाडू ना तू?"

उतरल्यावर जिन्याच्या कठड्याला धरून डावा पाय झटकत होती.

माझीही उजवी मांडी संध्याकाळी ठणकत होती. वय झालं.

१३ नोव्हेंबर

जिभेला हाड नाही माझ्या. "खेळाडू ना तू" म्हणायची काही गरज नव्हती.

१५ नोव्हेंबर

आज कॅप्टनने तिला स्वतः वर नेलं. मी मैदानाच्या कडेला बाकावर बसून बघत होते. तीन वेळा आली, तीन वेळा उतरली. चाकं रेघेवर! नाक रेघेवर!

कॅप्टन उतरून माझ्याकडे आला, चेहऱ्यावर ते हसू. "काय हो बाई, गोळी तर मधोमध होती पूर्ण वेळ. काय तक्रार होती तुमची?"

महिनाभर मी या मुलीपायी घसा बसवून घेतला आणि ही साहेबांबरोबर शहाण्यासारखी उडते! रागाने काय काय डोक्यात आलं ते इथेही लिहिणार नाही. बरं, लिहिते. वाटलं, मुद्दाम करते. माझ्याबरोबर मुद्दाम करते.

"तुमची दहशत आहे तिच्यावर," कॅप्टन म्हणाला. "जरा गोड बोला."

मी आणि दहशत! इतकी वर्षं शिकवतेय. माझ्या हाताखालची मुलं मोठाली विमानं चालवतात, सणसणीत पगार घेतात, आणि अजून फोन करून "मॅडम" म्हणतात. गोड बोला म्हणे.

१९ नोव्हेंबर

गोड बोलले. "बाळ, डावा पाय जरासा." "छान, अजून जरासा." स्वतःचाच आवाज ऐकून अंगावर काटा आला. तिच्या पाठीमागे उशी घातली, मग काढली, मग खुर्ची मागे सरकवली. गुडघे आता फळीला लागत नाहीत.

गोळी डावीकडे. आधीपेक्षा जास्त.

नवरोबा म्हणतो, रक्तातली साखर तपासून ये, किती चिडचिड करतेस. म्हटलं, साखरेने चिडत नाही मी, लांबोडीने चिडते. मागच्या तपासणीत डॉक्टर "काठावर आहे" म्हणाले होते तेव्हापासून याच्या हातात कोलीतच मिळालंय.

२२ नोव्हेंबर

आज भीती वाटली. खरी भीती.

उतरायच्या आधीचं शेवटचं वळण. वेग कमी, जमीन जवळ. वळण उजवीकडचं. नाक वळणाच्या आत आत जायला लागलं, उजवा पंख अजून खाली. तिने दांडा डावीकडे ओढला. याच ठिकाणी माणसं मरतात! दांडा एकीकडे, रडर दुसरीकडे, वेग नाही. एक पंख उचलणं सोडतो आणि विमान त्याच्यावर गिरकी घेतं. तिथून सावरायला खाली जागाच नसते.

"माझ्याकडे दे!" ओरडले. दांडा पुढे, इंजिन पूर्ण, डावा पाय सगळी ताकद लावून. सरळ झालं. वर निघालो. दोघीही थंड घामाने भिजलेल्या.

ती म्हणाली, "मॅडम, मी डावा दाबलेलाच होता. पूर्ण दाबला होता."

विमान मीच उतरवलं.

संध्याकाळी कॅप्टनच्या खोलीत गेले. तो म्हणाला, "मी एकदा उडालो तिच्याबरोबर, तुम्ही महिनाभर उडताय. तुमचा शब्द शेवटचा. बोला."

"नाही," म्हटलं. "एकटीला सोडलं तर ही स्वतःला मारून घेईल. घरी जाऊ दे."

तोंडातून निघालं. बरोबरच आहे ते. पण घरी येऊन जेवले नाही.

२३ नोव्हेंबर

कॅप्टनने तिला सांगितलं. रडली नाही म्हणे. फक्त विचारलं, "मॅडमनी सांगितलं का असं?" मंगळवारच्या बसने घरी जाणार.

२५ नोव्हेंबर

कशी लिहू?

आज बँकवाले. हसतमुख माणूस, उडवतोही झकास. वर गेल्यावर म्हणाले, "मॅडम, आज विमान उजवीकडे ओढतंय का हो? डाव्या पायाला जोर लागतोय."

गोळी पाहिली. डावीकडे!

कोणी सांगितलं नाही, काही नाही, नजर आपोआप खाली गेली. शिकवणाऱ्याच्या बाजूलाही पेडल असतात, दोन्ही बाजूंची पेडल आतून एकमेकांना जोडलेली. माझा डावा पाय जमिनीवर, जिथे असायला हवा तिथे. उजवा पेडलवर. नुसता टेकलेला नाही, दाबलेला. बूट वाकलेला दिसत होता.

मला कळत नव्हतं! डोळ्यांनी दिसत होतं आणि पायाला कळत नव्हतं!

दोन्ही हातांनी मांडी धरून तो उचलला आणि बाजूला ठेवला. बँकवाल्यांनी काहीच केलं नाही, आणि नाक आपोआप सरळ झालं, गोळी मधोमध येऊन बसली. "अरे वा, गेलं की!" म्हणाले ते. मी "हो" म्हटलं.

आता लिहितेय तेव्हा डोकं जागेवर आहे. शिकवणारे पेडलवर पाय ठेवून बसतात, जुनीच खोड आहे ही. सगळ्यांना असते. थकलं की पाय जड होतो. बुटाचे तळवे जाड आहेत, पातळ तळव्यांचे घेईन. उद्यापासून दोन्ही पाय मागे ओढून बसेन, विषय संपला. एका दिवशी पाय चुकून राहिला म्हणून महिनाभराचं सगळं तसंच होतं असं नाही. लांबोडीचे हातही गोंधळायचे, ते मी पाहिलंय. कॅप्टनला शब्द दिलाय. आता जाऊन काय सांगू, की बाई पेडलवर पाय ठेवून बसल्या होत्या? आणि सांगितलं तर पुढचा प्रश्न तो विचारणारच: कळलं कसं नाही? त्याचं उत्तर दिलं की मी संपले. हे काम नसेल तर मी कोण आहे? घरात बसून काय करू?

कोणाला सांगितलं नाही. नवरोबालाही नाही.

२७ नोव्हेंबर

लांबोडी कानावरचा हेडफोन परत करायला आली. नीट पुसून, वायर गुंडाळून आणला होता.

"मॅडम, तुम्ही खूप मेहनत घेतलीत माझ्यावर. माझंच काहीतरी कमी पडलं."

मी म्हटलं, "बस किती वाजता आहे?" हे म्हटलं मी! एवढंच!

"उद्या रात्रीची."

ती वाकून नमस्कार करायला लागली. मी पाय मागे घेतले. एकच मागे आला का दोन्ही, ते बघायला मला खाली पाहावं लागलं.

२८ नोव्हेंबर

सकाळी नवरोबाला सगळं सांगितलं. त्याने मला खुर्चीत बसवलं, दोन्ही पाय स्टुलावर ठेवले, मोजे काढले. "डोळे मीट," म्हणाला. फ्रीज उघडल्याचा आवाज आला. डाव्या पावलाला थंडगार चमचा लागला आणि मी किंचाळले. मग वाट पाहत बसले. बराच वेळ.

"अरे, आता उजव्याला लाव ना!"

"केव्हाचा लावलाय," तो म्हणाला.

कॅप्टनला फोन केला. पाय, पेडल, पंचवीस तारखेपासून गप्प बसले ते, सगळं. मग लांबोडीला. "बॅग उघड," म्हटलं. "तुझं काही चुकलं नव्हतं, माझा पाय होता. उद्या सकाळी कॅप्टनबरोबर एक फेरी मार. मग तो उतरेल आणि तू एकटी जाशील."

तिकडून बॅगेची चेन उघडल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "आणि तुम्ही, मॅडम?"

"मी खाली उभी राहीन."