दुसरी खाच

लिहून ठेवतो मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, धंदा मोटारसायकल दुरुस्ती, की माझे डोके ठिकाणावर आहे आणि हे लिहायला मला कोणी भरीस घातलेले नाही. वकीलसाहेब म्हणाले होते, "मोजकं लिहा, काका." मोजके बोलण्यातच आयुष्य गेले. आता पुरे.

१. राहते घर मुलाला. एकुलता एक आहे, तंट्याला जागा नाही. स्वयंपाकघरातला नळ डावीकडे दाबूनच बंद होतो, हे लक्षात ठेवावे.

२. बँकेतली ठेव निम्मी मुलाला, निम्मी सुनेच्या आईला. त्या घेणार नाहीत. तरी द्यावी.

३. गॅरेजमधली हत्यारे माझ्या जुन्या कारागिराला. अकरा वर्षांपूर्वी "उद्या आणून देतो" म्हणून धाकट्या भावाने नेलेला मोठा पानाही कारागिराचाच. भावाला वेगळे काही नाही; त्याने आपला वाटा तेव्हाच उचलला.

४. मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली असलेली लांबच्या प्रवासाची मोटारसायकल मुलाला. हिच्याबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे.

हिच्या मागच्या स्प्रिंगला घट्ट-सैल करायला पाच खाचा आहेत. एकटा माणूस असेल तर दुसरी, दोघे आणि सामान असेल तर पाचवी. माझा नियम होता, अंदाजाने खाच लावायची नाही. दोघांना गाडीवर बसवायचे, बॅगा अडकवायच्या, गाडी किती दबते ते टेपने मोजायचे, मगच पाना लावायचा.

चार वर्षांपूर्वी मुलगा म्हणाला, "बाबा, उद्या आम्ही दोघं निघतोय. मागचं जरा बघून ठेवा." म्हणजे सुनेला गाडीवर बसवणे आले. आणि सुनेशी माझा अबोला होता, नववा दिवस. कारण लिहायलाही लाज वाटते. माझा नटबोल्टचे वायसर ठेवायचा कप तिने घासून लख्ख केला आणि वायसर मोरीत गेले. मी म्हणालो, "या घरात माझ्या वस्तूंना किंमत नाही." ती म्हणाली, "बाबा, कप म्हटल्यावर चहाचाच वाटला हो मला." एवढेच. मी ठरवले, ती स्वतः येऊन "बसू का?" म्हणेल तेव्हाच पाना उचलीन. ती आली नाही. तिला बिचारीला माझा नियम ठाऊकच नव्हता.

सकाळी ते निघाले तेव्हा मी फाटकाशी उभा होतो. ती मागे बसली तशी गाडी खाली बसली, पुढचा दिवा झाडाच्या शेंड्याकडे बघू लागला. आंधळ्यालाही कळले असते. तिने हात हलवला, "येतो हं बाबा!" म्हणाली. अबोला तिने मोडला. मी मान फिरवली. "थांबा" म्हणायला माझे काय जात होते?

घाटातल्या वळणावर दबलेल्या गाडीचा स्टँड रस्त्याला घासला, मागचे चाक उचलले गेले आणि गाडी कठड्यावर आदळली. सून जागीच गेली. तपासणाऱ्यांनी ब्रेक पाहिले, टायर पाहिले, स्प्रिंगकडे कोणी पाहिले नाही. मुलगा सगळ्यांना सांगत सुटला, "मीच जोरात घेतली." नातेवाइकांनी माना डोलावल्या. त्यांत मीही होतो.

तेव्हापासून तो भाड्याच्या खोलीत एकटा राहतो. दर रविवारी येतो, माझ्या आठवड्याच्या गोळ्या डबीत भरतो आणि गुन्हेगारासारखा खाली मान घालून बसतो. माझ्यासमोर! मी त्याचे आयुष्य खाऊन बसलो आहे. यातून सुटका दिसत नाही, ना त्याची, ना माझी.

५. गाडीला मी हात लावलेला नाही. मुलाने ताडपत्री काढून खाचा स्वतः मोजाव्यात. दुसरी आहे. स्टँडची घासलेली बाजू पाहावी. माझ्या अंत्यविधीला त्याने आलेच पाहिजे, अशी अट नाही.

६. वकीलसाहेबांच्या मते हे पाकीट मी गेल्यावर फोडायचे. नाही. मेल्यावर सांगणे म्हणजे पुन्हा अबोलाच. आज रविवार आहे. सह्या होताच साक्षीदारांनी कागद मुलाच्या हाती द्यावा आणि तो वाचेपर्यंत मला समोरून उठू देऊ नये.

साक्षीदार १: औषधाच्या दुकानातल्या बाई. सही.
साक्षीदार २: शेजारचे शिंपी. सही. (यांनी "नक्की ना?" विचारले. मी हो म्हणालो.)

लिहून देणार: सही.
ठिकाण: गॅरेजची मागची खोली. ९ फेब्रुवारी, रविवार, सकाळचे दहा. फाटक वाजले.