विलायतेची एम. ए. आणि चिंचोके

बाई,

परवा मोडनिंबची एक मुलगी माझ्याकडे आली होती. तिला विलायतेत जाऊन आंतरराष्ट्रीय विकास या विषयात एम. ए. करायचं आहे आणि अर्जासोबत जोडायला माझं शिफारसपत्र हवं होतं. चहा पिता पिता तिने विचारलं, "मॅडम, ह्या पदवीनं पुढं नक्की काय होतं?" मी चांगलं अर्धा तास बोलले. कुठल्याही विषयावर अर्धा तास बोलता येणं हाही त्या पदवीचाच प्रताप. ती बिचारी सगळं वहीत उतरवून घेत होती. ती गेल्यावर माझ्या लक्षात आलं, की एवढ्या बोलण्यात तुमचा उल्लेख एकदाही आला नाही. म्हणून हे लिहायला बसले आहे.

तुम्ही ग्रामसेविका होतात, आणि मी सोलापुरात कारकुनाच्या घरी वाढलेली, नुकती बी. ए. झालेली, शहाणपणाने काठोकाठ भरलेली. बहात्तरच्या दुष्काळाचा दुसरा उन्हाळा होता. करमाळ्याकडच्या एका पाझर तलावाच्या कामावर पाहणी करायला मला तुमच्या हाताखाली पाठवलं होतं. कुर्डुवाडीला आगगाडीतून उतरायचं, पुढे एसटी, आणि फाट्यापासून पायी. फाट्यावर तुम्ही उभ्या होतात. नऊवारी लुगडं, पायात पुरुषी वहाणा, डोक्यावर काळी छत्री. माझ्या टाचांच्या चपलांकडे बघून तुम्ही म्हणालात, "ह्या गाडीतच इसरायच्या की गं." पहिल्या दिवशी मला तुमचा रागच आला होता.

कामावर शेकडो बायामाणसं माती उचलत होती. त्यांच्या लहान मुलांना दुपारी खायला सरकारी सुकडी, ते गोड पीठ, मिळायची, आणि ती किती मागवायची हे माझ्या फॉर्मवरून ठरणार होतं. एक रकाना होता, सहा वर्षांखालची मुलं किती. मी पेन घेऊन एकेकीपुढे उभी राहते आहे, तिच्या डोक्यावर मातीची पाटी आहे, आणि मी विचारते आहे, "मुलं किती?" "हायत की दोन." पुढची म्हणते, "देवाची दया हाय." "म्हणजे किती?" "लिवा एक." मी लिहिते. दोन दिवसांत सगळे फॉर्म भरून झाले, सुवाच्य अक्षरात, खाली बेरीज, बेरजेखाली दोन रेघा. तुम्ही त्या वेळी दुसऱ्या गावी होतात. मी तुमच्यासाठी न थांबता कागद वर पाठवून दिले.

सुकडी माझ्या आकड्याप्रमाणे आली आणि पहिल्याच दिवशी रांग संपायच्या आत पोतं रिकामं झालं. मागची पोरं ताटल्या घेऊन उभीच राहिली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी एक एवढीशी मुलगी रिकामी ताटली चाटत बसलेली मी पाहिली आणि सगळ्यांदेखत मुकादमावर घसरले, की तुम्हीच पोती लांबवताय. तो भला माणूस रिकामी पोती झटकून त्यांच्या घड्या घालू लागला. त्याच संध्याकाळी तुम्ही परत आलात. सगळं ऐकून घेतलंत आणि मला पाण्याच्या टाकीमागे नेलंत.

"आयांस्नी पोरं मोजाय लावलीस व्हय?" तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, फॉर्ममध्ये तसंच आहे. "आई पोरं मोजत नसती बाय. मोजली की नजर लागती. कुणी इचारलं की एखादं कमीच सांगती. तुझ्या आईला इचारल्यावर ती काय म्हनती?" आम्ही पाच भावंडं. कुणी विचारलं की आई कायम म्हणायची, "आहेत तीन-चार, देवाच्या कृपेने." जन्मभर ऐकलेलं वाक्य. "बी. ए. झाल्यावर आईचं ऐकू यायचं बंद हुतं व्हय?" असं म्हणून तुम्ही चालू लागलात. तुमचा आवाज चढलाही नव्हता, पण मी टाकीमागे उभी राहून रडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही बाभळीच्या सावलीत एक रिकामं मडकं मांडलंत. शेजारी चिंचोक्यांचा ढीग. मडक्यावर पदर धरून बसलात आणि बायांना म्हणालात, "साळंत जायच्या वयाचं न झालेलं जेवढं लेकरू घरात हाय, तेवढे चिंचोके ह्यात टाका. त्वांडानं काय बी बोलू नगा. मी बी बघत न्हाई." एकेक बाई यायची, मूठ पदराखाली न्यायची, टक्‌ टक्‌ आवाज व्हायचा आणि ती निघून जायची. एका पोटुशी बाईला तुम्ही परत हाक मारलीत. "पोटातल्याचा बी टाक. त्येला बी लागंल की." ती लाजून हसली आणि तिने अजून एक टाकला. एकीने तीन टाकले, जराशी थांबली, मडक्यात हात घालून एक परत काढला. तिचं धाकटं आठ दिवसांपूर्वी गेलं होतं. तुम्ही थोड्या सरकलात, तिला शेजारी बसवून घेतलंत, आणि मोजणी संपेपर्यंत ती तुमच्या खांद्याला टेकून बसून होती.

बाई, मी पुढे मोठमोठी माणसं पाहिली. मंत्री पाहिले, ज्यांची पुस्तकं जगभर वाचतात ते प्राध्यापक पाहिले. पण त्या सकाळी मला जसं वाटलं तसं पुन्हा कधी वाटलं नाही. समोरची ही सातवी पास बाई माणसाच्या आतलं कुठवर बघू शकते, या विचाराने माझ्या अंगावर काटा आला. चिंचोके मोजले तर माझी बेरीज कुठल्या कुठे राहिली. त्या आकड्यावर नवी पोती आली आणि रांगेतलं शेवटचं पोरही खाऊन गेलं. मुकादमाची माफीही तुम्ही मला मागायला लावलीत, सगळ्यांदेखत.

पुढे मला विलायतेची शिष्यवृत्ती मिळाली. तुम्हाला सांगायला आले तर तुम्ही विचारलंत, "इकासाची बी परीक्षा असती व्हय? आन् नापास झालं मंजी?" आम्ही दोघी पोट धरून हसलो. निघताना तुम्ही कडक भाकऱ्यांची चवड फडक्यात बांधून दिलीत. तिकडच्या थंडीत त्या मी महिनाभर पुरवून पुरवून खाल्ल्या.

त्या वर्गात सतरा देशांतली माणसं होती, आणि आपल्या गावात काय घडलं ते प्रत्येकाला इंग्रजीत मांडायचं होतं. मी प्रबंधात तुमचं मडकं मांडलं. त्याला एक लांबलचक इंग्रजी नाव दिलं. माझे प्राध्यापक खुर्चीतून उठून उभे राहिले. "ही पद्धत तुझी?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. एवढ्या लहान शब्दाला कितीसा वेळ लागतो?

त्या मुलीला खरं उत्तर द्यायचं तर हे आहे. त्या पदवीने दारं उघडतात. ज्या पंचायत समितीत कारकून मला तासन्‌तास उभं ठेवायचा, तिथे नंतर माझ्यासाठी खुर्ची आली, पाठीवर टॉवेल घातलेली. दिल्ली झाली, मग आफ्रिका, मग अजून कुठे कुठे. एका देशात मी मक्याचे दाणे वापरायला शिकवलं, दुसरीकडे खडे. एकदा एका झोपडीत, ज्यांची भाषा मला समजत नव्हती अशा बाया कापडाआड हात नेऊन दाणे टाकत होत्या, आणि मला एकदम बाभळीखाली बसलेल्या तुम्ही दिसलात. करमाळ्यापलीकडे फारशी न गेलेली बाई इथवर येऊन पोचली होती. माझे डोळे भरून आले. सोबतच्यांना वाटलं, मॅडम फार हळव्या आहेत.

पण हे सगळं नंतरचं. अठ्ठ्याहत्तर साली पदवी घेऊन मी विलायतेहून परत आले तेव्हा तुम्ही निवृत्त होऊन सोलापुरात बहिणीकडे राहत होतात. मी बांधलेला प्रबंध घेऊन आले. का आणला, मलाही नीट सांगता येणार नाही. शाबासकी हवी असणार. तुम्ही पदराला हात पुसून तो मांडीवर घेतलात, पानं उलटलीत आणि विचारलंत, "ह्यात आपल्या त्या चिंचोक्यांचं हाय?" मी म्हटलं, आहे की. "आन् माझं नाव?"

मी म्हटलं, "आहे ना, बाई. पहिल्याच पानावर."

"कुटं?"

मी पान काढलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. ते माझ्या प्राध्यापकांचं नाव होतं. तुम्हाला इंग्रजी वाचता येत नाही, याचा त्या क्षणी मला आधार वाटला. तुम्ही त्या अक्षरांवरून बोट फिरवलंत. "लई बारीक छापलंय की," म्हणालात, आणि मग बहिणीला हाक मारलीत. "अगं ये, बग. इलायतेत नाव छापलंय माझं." बहीण आली, शेजारीण आली. तुम्ही प्रत्येकीला ती ओळ दाखवत होतात. प्रबंध तुम्ही ठेवून घेतलात आणि मी तो परत मागितला नाही. त्याच वर्षी तुम्ही गेलात.

नंतर माझी तीन पुस्तकं आली. तिन्हींत आभाराचं पान होतं. दर वेळी तुमचं नाव लिहायला घेतलं आणि दर वेळी वाटलं, आता लिहिलं तर लोक विचारतील, आधी का नाही लिहिलं? मग लिहिलं नाही.

आता ज्यांना दाखवायचं त्यातलं कुणीच उरलेलं नाही. हे पत्र पाठवायला तुमचा पत्ता नाही, असं म्हणून मोकळी होता येईल मला. पण तुमच्याशी आणखी एकदा खोटं बोलवत नाही. तुम्ही आज असता, त्याच घरात, तरी हे पत्र मी पेटीत टाकलं नसतं.