बायच्या डोळ्यांतल्या नसा

२४ डिसेंबर २०२५

आज बायचे डोळे तपासले. आधी थेंब, मग पापण्या उघड्या ठेवायला बारीक तारेचा चिमटा. मला बाहेर जा म्हणाले, मी हलले नाही. काय ओरडली! सातव्या महिन्यात जन्मलेली, अकराशे ग्रॅमची माझी पोर, आवाज मात्र अख्ख्या वाडीला पुरेल.

मग समीक्षा डॉक्टरांनी स्क्रीन माझ्याकडे वळवला. बायच्या डोळ्याचा तळ! केशरी. मधून नसा निघालेल्या, भरतीचं पाणी खाडीच्या फाट्यांत शिरतं तशा कडेकडे चाललेल्या. अजून पोचायच्यात. "हे काम नवव्या महिन्यापर्यंत पोटात चालतं. हिचं बाहेर चाललंय," डॉक्टर म्हणाल्या.

म्हणजे मी शाळेत पाढे म्हणून घेत होते, आणि आत हे चाललं होतं! मला पत्ताच नाही.

२५ डिसेंबर

रेडीहून सासूबाईंचा, अक्कांचा फोन. "सप्टेंबरातल्या गिराणात तुका गप निजान रव म्हटलंय. तू सुरी घेऊन पेरू कापलंस!"

मी म्हटलं, ग्रहणात पेरू कापून डोळे जात असते तर अर्धा तालुका आंधळा झाला असता. फोन आपटला.

आणि मग रडले. कापला होताच. तिखट-मीठ लावून खाल्ला होता. माझे थोरले दीर, भाई, जन्मापासून आंधळे. म्हणून अक्कांचं बोलणं जास्तच झोंबतं. नवरा, ओंकार, जहाजावर. सांगू कोणाला?

७ जानेवारी २०२६

नसा थोड्या सरकल्या. थोड्याच. वजन वाढत नाही म्हणून डॉक्टर नाखूश.

१४ जानेवारी

वाईट. नसा मध्येच थांबल्या. थांबल्या तिथे बांध घातल्यासारखी रेघ, आणि त्यावर नको त्या नव्या नसा, वेड्यावाकड्या. त्या डोळ्याच्या आतला पडदा ओढून काढू शकतात. मग काही दिसत नाही. कधीच. दोन दिवसांच्या आत लेझर करायला हवं.

अक्का पहिल्या एसटीने तिळगूळ घेऊन आल्या होत्या. सगळं त्यांच्यासमोरच सांगितलं.

"कशामुळे?" मी विचारलं. डॉक्टर शांतपणे बोलल्या. लवकर जन्म, कमी वजन, हे मुख्य. ऑक्सिजन. मधे जंतुसंसर्ग झाला, रक्त चढवावं लागलं. वजन सावकाश वाढतंय. ज्या ऑक्सिजनने पोर जगवली तोच जास्त झाला तर डोळ्यांना बाधतो. म्हणून त्या नर्सबाई सारख्या मशीनकडे बघत असतात. मला वाटायचं, कंटाळल्यात!

"आणि गिराण?" अक्कांनी विचारलं.

"ग्रहणाचा काही संबंध नाही, आजी."

मी अक्कांकडे बघितलं. जिंकले ना! पण त्या हळूच म्हणाल्या, "पयलीं, पंचेचाळीस वर्सांआधी, काचेच्या पेटीत ठेवलेल्या पोरांकाय असाच होय?"

"हो. तेव्हा कोणी डोळे तपासायचं नाही."

अक्का उठून खिडकीशी गेल्या. जेवल्या नाहीत. हरल्या म्हणून रुसल्या, दुसरं काय!

१५ जानेवारी

लेझर झालं. दोन्ही डोळे. जिथे नसा पोचल्याच नाहीत तिथे प्रकाशाचे ठिपके, एकापाशी एक, तिथून नको त्या नसांना जाणारी हाक बंद व्हावी म्हणून. शेंगदाण्याएवढ्या डोळ्यात! बाई, माणसाला हे सुचलं तरी कसं?

बाहेर अक्का गाऱ्हाणं घालत होत्या. घरात ते पुरुष घालतात. "बा देवा म्हाराजा, ह्या पोरीच्या डोळ्यांआड जा काय इला आसात ता दूर कर रे म्हाराजा!" आणि बाकड्यावरची अनोळखी माणसं, एकसुरात: "व्हय म्हाराजा!" मी पण म्हटलं. मोठ्याने म्हटलं.

२९ जानेवारी

नको त्या नसा मागे हटल्या! पडदा जागेवर. दिसणार! चष्मा लागेल कदाचित, तपासण्या चालू ठेवायच्या. लागू दे. दहा लागू देत.

१० फेब्रुवारी

बाय घरी आली. भाई पडवीत लोखंडी सुळ्यावर नारळ सोलत होते. अक्का त्यांच्यासमोर जाऊन बसल्या.

"तू पोटात असताना सूर्याचा मोठा गिराण होता. मी बांगडे कापलंय. कोणाक बोललंय नाय. तूय सातव्यातलोच. मुंबयत काचेत ठेवललो, ऑक्सिजन लावललो. माका आजपर्यंत वाटा, तुझे डोळे मीच खाल्लंय."

भाईंनी हातातला नारळ खाली ठेवला. मग मला विचारलं, "त्या वेळेक ह्यो लेझर होतो?"

"नव्हता, भाई."

त्यांनी चाचपत आईचा हात धरला. "मगे आये, इतकी वर्सा कोणाक गो शिक्षा करतंस?"

अक्का पदरात तोंड घालून रडायला लागल्या. भाईंनी हात पुसले, माझ्याकडे पसरले.

"घेवन ये बायेक हडे. तिका तरी मी दिसूंदे."