पत्रकातला शेवट

प्रिय गुंड्या,

सहा रविवार झाले, तू आला नाहीस. तुझे भावोजी दर रविवारी आधी दाराकडे बघतात आणि मग माझ्याकडे. भरल्या सभागृहात मी तुला जे बोलले ते मी विसरलेय असं समजू नकोस. त्यावर येतेच. पण आधी आमच्या वाचनालयाची बातमी ऐक, कारण ती तुझ्याशिवाय कुणाला सांगण्यात अर्थ नाही.

'सारं शहर वाचतंय' हा उपक्रम संपला एकदाचा. अख्ख्या शहराने महिनाभरात एकच पुस्तक वाचायचं आणि मग एकत्र बसून त्यावर बोलायचं, ही कल्पना आमच्या अध्यक्षांची. या गृहस्थांनी आयुष्यात आपलं नाव कुठे छापून आलंय का, एवढंच वाचलं असेल. दोनशे चाळीस प्रती मागवल्या. प्रत्येक प्रतीबरोबर छातीला लावायचा बिल्ला: 'मी वाचलं!' म्हणजे वाचायच्या आधीच वाचल्याचा दाखला. दारात फोटो काढायला फुलांची चौकट उभी केली होती. आपल्या दंतवैद्यीणबाई तिथे तीनदा उभ्या राहिल्या, कारण पहिल्या दोन फोटोंत पुस्तक उलटं धरलं गेलं होतं. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे कार्यवाहांचं पत्रक. 'वाचकांच्या सोयीसाठी' दोन पानांत गोष्ट काय, माणसं कोण, शेवट काय, आणि चर्चेत विचारायला पाच प्रश्न. आयता घास मिळाल्यावर चावायचे कष्ट कोण घेतो?

मग सुरू झाल्या चर्चा. सोमवारी निवृत्त लोकांची, बुधवारी बायकांची, शुक्रवारी शाळेची. माझी पुस्तकबांधणीची खोली वाचनालयाच्या हॉलला लागून, त्यामुळे सगळं कानावर. पुस्तकात नदीकाठचा म्हातारा नावाडी, घर सोडून गेलेला त्याचा मुलगा, आणि पत्रकात लिहिल्याप्रमाणे शेवटी 'बापलेकांची हृद्य भेट'. त्या भेटीवर बँकेचे मॅनेजर रडले. निवृत्त न्यायाधीश म्हणाले की क्षमेवर इतकं सुंदर आपण काही वाचलेलं नाही. मुख्याध्यापिकांनी त्याच भेटीवर निबंधस्पर्धा ठेवली आणि चौदा बक्षिसं जाहीर केली. एकाने म्हटलं की बाकीच्यांनी री ओढायची, असा महिना गेला. मला हसू येत होतं, पण मी आपली सुई-दोरा चालवत बसले होते.

समारोपाला मला व्यासपीठावर बसवलं. एकतीस वर्षं पुस्तकं शिवते, म्हणून अध्यक्षांनी मला 'पुस्तकांची आई' केलं. मीही पदर सावरून उभी राहिले आणि दहा मिनिटं त्या भेटीवर बोलले. टाळ्या पडल्या. आणि मागून तू उठलास. इस्त्रीचा शर्ट घालून आला होतास, हे मी वरून पाहिलं होतं. तू एवढंच म्हणालास, "ताई, तो मुलगा नसतो गं. परका माणूस असतो तो. म्हाताऱ्याला कळतं, तरी तो त्याला पलीकडे नेऊन सोडतो, हात देऊन उतरवतो." सगळे माझ्याकडे बघायला लागले. आणि मी म्हणाले की पुस्तकावर बोलायच्या आधी ते वाचावं, आणि हात लावायच्या आधी हात धुवावेत. बेकरीत मैदा मळणाऱ्या तुला ते नेमकं लागणार, हे मला ठाऊक होतं. सगळं सभागृह हसलं, न्यायाधीश तर खोकला लागेपर्यंत हसले. तू खाली बसलास, आणि थोड्या वेळाने बाजूच्या दाराने निघून गेलास. दार आपटलंही नाहीस.

गेल्या आठवड्यात प्रती परत आल्या. डागडुजीसाठी सगळ्या माझ्या टेबलावर. आता तुला माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगते. नवं पुस्तक जिथवर वाचलं जातं तिथवरच त्याचा कणा सैल पडतो. पुढचा भाग कडक राहतो, आणि छाटलेल्या पानांच्या कडा एकमेकींना चिकटलेल्या असतात. तोंडाने माणूस वाटेल ते सांगेल, पण शिवण खोटं बोलत नाही. मी एकेक प्रत हातात घेतली. मॅनेजरसाहेबांची बाराव्या पानापर्यंत सैल. न्यायाधीशांची चाळिसाव्या. मुख्याध्यापिकांची तर उघडलेलीच नव्हती, आतला नोंदीचा कागदसुद्धा जागचा हलला नव्हता. अशा दोनशे एकोणचाळीस. नाव मोठं, लक्षण खोटं! सगळं शहर महिनाभर अशा शेवटावर रडत होतं, जो पुस्तकात नाहीच.

आणि एक प्रत तुझी. ती मी लगेच ओळखली, कारण मीच तुला ती दिली होती. तू संकोचत मागितलीस, तेव्हा मी ढिगातली सगळ्यात वाईट निवडली, शिवण सुटलेली. म्हटलं, हा कुठे वाचणार आहे. ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सैल होती. प्रत्येक पानाच्या बेचक्यात मैद्याची बारीक रेघ. शेवटच्या दहा पानांत जास्त, म्हणजे तिथे तू पुन्हा पुन्हा गेला होतास. आणि सुटलेली शिवण तू मैद्याची पोती शिवायच्या दोऱ्याने घातली होतीस, वाकडीतिकडी, पण घट्ट.

मी कार्यवाहांना गाठलं. थोडं ताणल्यावर कबूल केलं की त्यांनी पहिलं प्रकरण आणि शेवटचं पान वाचून पत्रक लिहिलं. शेवटच्या पानावर म्हातारा एका तरुणाला हात देऊन उतरवतो. यांनी ठरवलं, तो मुलगाच. वर मलाच म्हणाले, "बाई, लोकांना तो शेवट आवडलाय, आता कशाला उकरून काढता?" उपक्रमाची स्मरणिकाही तशीच छापणार आहेत, चौदा निबंधांसकट. दुसऱ्याच्या पुस्तकाचा शेवट बहुमताने ठरवणारी ही माणसं!

एवढी नावं ठेवली सगळ्यांना, आता माझं ऐक. व्यासपीठावर उभी राहिले तेव्हा मी त्या पुस्तकाचं एक पानही वाचलं नव्हतं. मी पत्रकच पाठ केलं होतं. तू उठलास तेव्हाच मला कळलं की तू खरं बोलतोयस, आणि तुझी बहीण उघडी पडेल म्हणून मी तुझं बोलणं हसण्यावारी नेलं. मग तुझ्या प्रतीवर मी तीन दिवसांत पुस्तक वाचून काढलं. त्या परक्या माणसाला उतरवून म्हातारा रिकामी नाव घेऊन परत निघतो, तिथे मला पुढचं दिसेना. गुंड्या, माझं चुकलं. पण माफी मी या पत्रात मागणार नाही. तुझं हसं चारचौघांत झालं, तर माफीही चारचौघांत व्हायला हवी. येत्या रविवारी सकाळी दहाला बक्षीस समारंभ आहे, आणि 'आदर्श वाचक' म्हणून माझा सत्कार. तिथे उभी राहून मी सगळं सांगणार आहे. फक्त मी भित्री आहे. अध्यक्ष हसून माइक पुढे करतील, टाळ्या पडतील, आणि मी 'धन्यवाद' म्हणून खाली बसेन, हे मला आत्ताच दिसतंय. म्हणून हे पत्र. आता तुला माहीत आहे, तेव्हा मला पळवाट उरली नाही. तू समोर येऊन बस. मी खाली बसायला लागले, तर त्या दिवशीसारखा उठ आणि बोल. या खेपेला तुला कुणी हसलं, तर त्याची गाठ माझ्याशी आहे.

तुझीच,
ताई