पुष्पलता कोणाच्या अखत्यारीत?

अमेरिका, ८ मार्च २०२६

तीर्थरूप बाबनभाऊंस,
धाकटी बहीण पुष्पलताचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर अभिजीत शेजारीच बसलेला असतो, म्हणून पत्र. पोरगा म्हणतो, आई, आता कायमची इथंच राहा, मेपर्यंत फॉर्मवर सही कर. इतक्या मायेनं म्हणतो की नाही म्हणायला जीभ रेटत नाही.

त्यात इथल्या राज्यानं कायदा केला, की पोलिसानं रस्त्यात कुणालाही कागद विचारावेत. वॉशिंग्टनचं सरकार म्हणतं, परदेशी माणूस हा आमचा विषय, तुम्ही मध्ये पडू नका. भांडण कोर्टात आणि मी घरात! तीन आठवडे फिरायला गेले नाही. तुम्ही तीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलंत. सांगा, मी नेमकी कोणाच्या अखत्यारीत?

लोभ आहेच, उत्तरही असू द्यावं.
तुमची पुष्पा

नागपूर, २९ मार्च

चि. पुष्पास अनेक आशीर्वाद.

घाबरतेस काहून वं? आपल्या घटनेत परकीय माणसं, पासपोर्ट, व्हिसा सगळं केंद्राच्या सूचीत. पोलीस तेवढे राज्याचे. तिकडेही साधारण तसंच असणार. सोबतचं इंग्रजी वाक्य पाठ कर, अर्थ असा: परदेशी माणूस केंद्राचा विषय आहे, आपण कृपया केंद्राशी बोलावं. शिवाय माजी नगरसेवक हेमराजजींकडून तुझ्या चांगल्या वर्तणुकीचा दाखला घेतला आहे, तीन प्रतींत. मराठीत आहे, पण गोल शिक्का जगात कुठंही कळतो.

सहीचं मी काही सांगणार नाही. तुझ्याशिवाय इथं करमत नाही, एवढं मात्र लिहितो.

लोभ वाढव, भीती कमी कर.
बाबनभाऊ

अमेरिका, २० एप्रिल

तीर्थरूप भाऊंस सा. न.

दाखला मिळाला आणि धीर करून फिरायला निघाले. इथली घरं सगळी एकसारखी, तिसऱ्या वळणावर वाट चुकले. तेवढ्यात पोलिसाची गाडी थांबली. त्यानं तोंड उघडायच्या आत मी तुमचं वाक्य खाडखाड म्हटलं आणि तिन्ही प्रती पुढे केल्या. बिचाऱ्यानं शिक्का उलटसुलट पाहिला. म्हणाला, कागद मागितलाच नाही, घर कुठं आहे एवढंच विचारायचं होतं.

भाऊ, मी सांगितलं, मनीषनगर, नागपूर, पाण्याच्या टाकीमागे. त्यानं नीट लिहूनही घेतलं!

मग पर्समधल्या नंबरवर फोन करून त्यानं अभिजीतला बोलावलं आणि तो पत्ता त्याच्या हातात दिला. पोरानं वाचला. गाडीत मला रडू आवरेना. घरी आल्यावर त्यानं स्वतःच फॉर्म कपाटात ठेवला आणि विचारलं, की तिकीट मेअखेरचं काढू का. मी म्हटलं, मेच्या दोन तारखेचं मिळतं का पाहा.

पत्राआधी मीच पोचेन. तरी लिहून ठेवते, कारण समोर बोलायला लागले की तुम्ही मध्येच घटना काढता.

लोभ आता समोरासमोर.
पुष्पा